गाडगेबाबांचा खराटा



चौसाळ्याच्या आपल्या दिंडीनं शंभर वर्षांत किती मुक्काम केले, त्याची मोजदाद नाही. पण मुक्काम हलल्यावर मागं काय राहिलं, हे आपण कधी वळून बघितलं का? हा विचार आला की आम्हाला गाडगेबाबा आठवतात.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परीट घराणं, नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथं डेबूजीनं गुरं राखली, नांगर धरला. मामाची जमीन सावकारी कर्जात अडकलेली त्यानं बघितली. लोक नशिबाला बोल लावून गप बसायचे, तेच त्याला खटकायचं. कर्ज, व्यसन, अडाणीपणा कपाळावर लिहून येत नाही, माणसानं मनावर घेतलं तर ते जातं, अशी त्याची दृष्टी झाली.

१ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा अन् एक गाडगं. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, त्यामुळं कुणाला नुसतं ऐकत बसता यायचं नाही. सकाळी बाबा झाडताना दिसले की गावकरीही खराटे घेऊन यायचे.

पंढरीत येऊनही बाबा देवळात जायचे नाहीत. त्यांचा विठोबा भुकेल्या माणसात होता. त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या. अस्पृश्य म्हणून ज्यांना कुठं थारा नव्हता, त्यांच्यासाठी पंढरीत चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः मात्र झोपडीत राहिले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

माऊली, ज्याला सगळ्यांत देव दिसतो, त्याला मुक्कामाचं शेत घाण टाकून पुढं जाववत नाही. आपण टाळ वाजवला, पण मागं उष्ट्या पत्रावळी ठेवून निघालो, हेही खरंच. म्हणून शताब्दीच्या या वर्षापासून एक नेम धरू. काकडा झाला की विणेकऱ्यापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांनी मिळून जागा झाडायची, मगच पताका उचलायच्या.