लिअरी कॉन्स्टंटाइन

लिअरी निकोलस कॉन्स्टंटाइन (जन्म : २१ सप्टेंबर, १९०१, मृत्यू : १ जुलै, १९७१) हे वेस्ट इंडीजचे अष्टपैलू क्रिकेटपटू, बॅरिस्टर व मुत्सद्दी होते. क्रिकेटमधील आणि ब्रिटिश समाजातील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ लढा दिला.

== क्लब आणि वर्ण ==
कॉन्स्टंटाइन यांचा जन्म त्रिनिदाद बेटावर झाला. त्यांचे वडील लेब्रन हेही वेस्ट इंडीजकडून इंग्लंडचा दौरा केलेले खेळाडू होते. त्या काळी त्रिनिदादमधील क्रिकेट क्लब वर्ण व वर्ग यांनुसार विभागलेले होते. क्वीन्स पार्क हा प्रामुख्याने गोऱ्या धनिकांचा क्लब असून बेटावरील क्रिकेटचा कारभारही त्याच्याच हाती होता. मेपल क्लबात उजळ वर्णाचे मध्यमवर्गीय, शॅननमध्ये कृष्णवर्णीय शिक्षक व कारकून, तर स्टिंगोमध्ये गरीब श्रमिक खेळत. कॉन्स्टंटाइन शॅननकडून खेळत. वकिलाच्या कचेरीत कारकुनी करताना, कृष्णवर्णीयाला तेथे बढतीचा मार्ग बंद असल्याचे त्यांनी अनुभवले.

== कारकीर्द ==
१९२८ साली लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध त्यांनी ८६ व १०३ धावा केल्या आणि एका डावात ५७ धावांत ७ बळी घेतले. त्यानंतर लँकेशायर लीगमधील नेल्सन क्लबाने त्यांना करारबद्ध केले. १९२९ ते १९३७ या ९ हंगामांत नेल्सनने ७ वेळा विजेतेपद पटकावले. आरंभी त्यांना निनावी अपमानकारक पत्रे येत. पुढे याच गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. १८ कसोटींत त्यांनी ६३५ धावा केल्या व ५८ बळी घेतले.

वेस्ट इंडीजचे कर्णधारपद मात्र गोऱ्या खेळाडूंसाठीच राखल्यासारखे होते. १९३५ साली किंग्स्टन कसोटीत कर्णधार जॅकी ग्रँट जखमी झाल्यावर कॉन्स्टंटाइन यांनी मैदानावर संघाची धुरा सांभाळली. वेस्ट इंडीजने सामना व मालिका जिंकली. तरीही हे पद त्यांना कधीच मिळाले नाही. निवड गुणवत्तेवर व्हावी, असा आग्रह त्यांनी आपल्या लेखनातून धरला. संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमला जाण्यास १९६०-६१ साल उजाडावे लागले. तो मान फ्रँक वॉरेल यांना मिळाला.

== न्यायालयीन लढा ==
१९४३ साली लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आलेल्या कॉन्स्टंटाइन यांना व त्यांच्या कुटुंबाला इंपीरियल हॉटेलने वर्णामुळे राहण्यास मज्जाव केला. खोल्यांचे आरक्षण आधीच झालेले होते. त्यांनी दावा दाखल केला व १९४४ साली तो जिंकला. भरपाई केवळ ५ गिनी मिळाली आणि वर्णभेदास मनाई करणारा कायदा त्या वेळी ब्रिटनमध्ये नव्हता. तथापि या खटल्यामुळे हा प्रश्न जनतेसमोर आला. १९५४ साली त्यांचे 'कलर बार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

== उत्तरायुष्य ==
ते त्रिनिदादचे मंत्री व पुढे ब्रिटनमधील उच्चायुक्त झाले. १९६२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळाचे ते सदस्य होते. १९६९ साली ते ब्रिटिश उमराव सभेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्रिनिदादमध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.