न्यायमूर्ती रानडे आणि भीमाकाठचे ऋण

उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर जलाशयातून वर येते. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. त्या गावठाणांतील घरांत एके काळी सावकाराच्या कर्जरोख्याची धास्ती होती. ती धास्ती ज्यांनी न्यायासनावरून जवळून पाहिली, त्या महादेव गोविंद रानडे यांचे स्मरण आम्ही आज करीत आहोत.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात आणि उच्च शिक्षण मुंबईत झाले. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेच्या कार्याचे सूत्रधार झाले. शेतसाऱ्याचा भार व दुष्काळाची झळ यांची माहिती गोळा करून सभा ती सरकारपुढे मांडीत असे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून त्यांचे रोखे जाळले. दंग्याचे लोण आसपासच्या गावांत पसरले. पुढे १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. केवळ रोख्यावरचा अंगठा पाहून निकाल न देता मूळ व्यवहार तपासावा, अवाजवी व्याज कमी करावे, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी तरतूद त्यात होती. आजच्या करमाळा, माढा, इंदापूर व कर्जत या तालुक्यांतील भीमाकाठची गावे या कायद्याच्या छायेत आली. १८८१ पासून रानडे याच कायद्याच्या कामावर गावोगाव फिरले आणि १८८७ मध्ये त्याचे विशेष न्यायाधीश झाले.

येथे एक अवघड प्रश्न होता. दोन माणसांनी स्वखुशीने केलेला करार मोडण्याचा अधिकार न्यायालयाला कोणी दिला? खुल्या व्यापाराचे इंग्रज पुरस्कर्ते हेच विचारीत. रानडे यांना खासगी मालमत्ता, उद्योग आणि व्यापार हवे होते. शेतजमिनीच्या खरेदीविक्रीवर सरसकट बंदीही त्यांना मान्य नव्हती. परंतु घरात दाणा नसलेल्या माणसाची संमती ही खरी संमती नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी सांगितले की अर्थशास्त्राचे नियम देश व काळ पाहून लावावे लागतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य करूनही, गरजेपोटी पत्करलेली अपुरी मजुरी न्याय्य ठरत नाही, असे जगाला बजावले होते. दोन्ही विचार एकमेकांपासून दूर जन्मले, तरी त्यांची दिशा एकच होती.

सावकाराला नुसता आवर घातला तर पेरणीला बियाणे कोठून येणार, हेही रानडे जाणून होते. म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्यासह त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना पुढे आणली. लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला, तेव्हा रानडे हयात नव्हते.

परंपरा मोडून नव्हे, तर तिच्यातूनच सुधारणा घडावी, असे त्यांचे मत होते. या मताची किंमतही त्यांनी मोजली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून, अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल त्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतले. लोकांनी टीका केली, आणि ती निराधार नव्हती. त्याच मुलीला मात्र त्यांनी घरातला विरोध सोसून शिकविले. रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्र तिला ओळखतो.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज उजनीच्या काठी ऊस उभा आहे आणि जलाशयात मासेमारीच्या होड्या फिरतात. पाणी आले, तरी कर्ज गेले असे म्हणता येत नाही. कर्जाच्या कागदावर सही घेताना समोरच्याच्या घरात आज चूल पेटली आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी आम्हां सर्वांचीच आहे. रानडे यांच्या चरित्राने आम्हांला दिलेला हा धडा जुना झालेला नाही.