समासाआड गेलेला गणिती

पिएर द फर्मा यांनी ज्या ग्रंथाच्या समासात आपली जगप्रसिद्ध टीप लिहिली, तो ग्रंथ सिद्ध कोणी केला, हे सहसा कोणी विचारत नाही. ती होती डायोफँटसच्या ‘अरिथमेटिका’ची १६२१ मधील आवृत्ती. मूळ ग्रीक संहिता, शेजारी लॅटिन भाषांतर आणि विस्तृत भाष्य असे तिचे स्वरूप होते आणि तिचे संपादक होते क्लोद गास्पार बाशे द मेझिरियाक.

बाशे यांचा जन्म ९ ऑक्टोबर १५८१ रोजी बूर्ग-आं-ब्रेस येथे झाला. हा मुलूख तेव्हा सव्हॉयच्या ड्यूककडे होता. फ्रान्सकडे तो १६०१ मध्ये आला. बाशे सहा वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही निवर्तले. शिक्षण जेझुइटांकडे झाले. पुढे त्याच संघात त्यांनी प्रवेश घेतला, पण आजारपणामुळे वर्षभरातच तो सोडला. नंतरचा बहुतेक काळ वडिलोपार्जित मिळकतीवर, ग्रंथांच्या सहवासात गेला.

१६१२ मध्ये त्यांनी संख्यांच्या कोड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले तराजूचे कोडे अजरामर ठरले. १ ते ४० पर्यंतचे प्रत्येक पूर्ण वजन तोलण्यास कमीत कमी किती मापे लागतील? मापे एकाच पारड्यात ठेवायची, तर सहा हवीत. मालाच्या पारड्यातही ठेवण्याची मुभा असेल, तर १, ३, ९ आणि २७ ही चारच पुरतात. २० तोलायचे असल्यास एकीकडे २७ व ३, तर मालासोबत ९ व १. खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक मापाला तीन पर्याय : हे पारडे, ते पारडे किंवा बाजूला. म्हणजे एकूण ८१ मांडण्या. त्यातली एक रिकामी. उरलेल्या ८० मध्ये प्रत्येक मांडणीची उलट मांडणीही मोजलेली. राहिल्या नेमक्या ४०. एकही वाया जात नाही! मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये तयार झालेला ‘सेतुन’ हा संगणक याच त्रिमान पद्धतीने चालत असे.

हे कोडे मुळात बाशे यांचे नव्हे. पिसाच्या लिओनार्दो ऊर्फ फिबोनाची यांच्या १२०२ मधील ग्रंथातही ते आढळते. नाव मात्र बाशे यांचे लागले. उलट जे त्यांचे, ते परक्यांच्या खाती गेले. सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्यांच्या पटींत १ चा फरक नेहमी साधता येतो (५ ची तिप्पट १५, ७ ची दुप्पट १४), हे त्यांनी १६२४ च्या आवृत्तीत सिद्ध केले. आज हा सिद्धान्त १७३० मध्ये जन्मलेल्या बेझू यांच्या नावे ओळखला जातो. कोणतीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांची बेरीज असते, हे विधानही बाशे यांनी ३२५ पर्यंत पडताळून मांडले होते. त्याची सिद्धता लाग्रांज यांनी १७७० मध्ये दिली.

१६३४ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. पण प्रकृतीने साथ न दिल्याने त्यांचे भाषण दुसऱ्यालाच वाचावे लागले. २६ फेब्रुवारी १६३८ रोजी त्यांचे निधन झाले. फर्मा यांच्या मुलाने १६७० मध्ये बाशे यांची ‘अरिथमेटिका’ पुन्हा छापली, तेव्हा त्यांच्या भाष्यासोबत वडिलांच्या समासातील टीपाही घातल्या. जग त्या टीपाच वाचत राहिले.