अंकांचे उपासक दत्तात्रेय कापरेकर
डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीत १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो’ संख्यांचे बारसे केले. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांचे वर्ग त्यांत येतात. १११ चा वर्ग १२३२१. अशा एकांचीच, एकोणीस अंकी संख्या मूळ आहे. १ व स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही.

या व्यासंगाची देशातील गणितज्ञांनी उपेक्षाच केली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनामुळे उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने त्यांना जगभर ओळख दिली. १९८६ मध्ये ते निवर्तले. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ मात्र अजरामर ठरला.