अक्षरापासून सेवेपर्यंत : रमाबाई रानडे



वारकरी सज्जनहो, आमच्या अमडापुरात कीर्तन आटोपले की बायाबापड्या पाया पडायला येतात. त्यांत एखादी म्हातारी हळूच सांगते की पोथी ऐकते, पण वाचता येत नाही. आता या वयात काय शिकायचे? अशा प्रत्येक माउलीला मी एका बाईची गोष्ट सांगतो. ती कीर्तनकार नव्हती, अभंग रचणारीही नव्हती. संसारी बाई होती. तिचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेर कुर्लेकरांचे. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणे, अशी लोकांची समजूत. तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत या मुलीला अक्षराची ओळख नव्हती. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी तिचे लग्न झाले. रानडे एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी नुकतीच निवर्तलेली. सुधारक म्हणून नाव असलेल्या या माणसाने विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. त्याबद्दल लोकांनी बोल लावला, आणि तो अगदीच अस्थानी होता असे म्हणवत नाही. मात्र घरात आलेल्या या लहानग्या मुलीला त्यांनी पहिल्यापासून शिकवायला घेतले.

आता शिकायचे म्हणजे काय सोपे होते? नवरा शिकवतो, पण दिवस जायचा सासरच्या बायकांत. त्या बायका काही दुष्ट नव्हत्या. सोवळेओवळे, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या, देवभोळ्या होत्या. पण सून पुस्तक घेऊन बसली की त्यांचा जीव खालीवर होई. टोमणे, अबोला, सगळे झाले. इंग्रजी शिकवायला मडम घरी येऊ लागली, तेव्हा धड्यानंतर स्नान केल्यावाचून घरात वावरायची सोय नव्हती. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि पुस्तकही सोडले नाही. दोन्ही एकदम सांभाळणे किती कठीण, हे ज्याने भरल्या घरात नेम चालवला आहे त्याला कळेल.

घरात नामही होते. रानडे प्रार्थनासमाजाचे, पण पहाटे उठून तुकोबांचे, नामदेवरायांचे अभंग टाळी वाजवीत म्हणायचे, म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून यायचे. रमाबाई ते ऐकत.

पुढे नाशकास असताना रमाबाई प्रथम सभेत बोलल्या. ते भाषण पतीने लिहून दिलेले होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, तेथे या जाऊ लागल्या. घरी पुन्हा वादळ! तरी १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, त्या वेळच्या खटपटीत गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत वाचायला याच बाई उभ्या राहिल्या. १८८६ साली रानड्यांच्या कामानिमित्त कलकत्त्यास राहणे झाले. तेथे रानडे हजामत करणाऱ्या न्हाव्याकडून बंगाली उच्चार विचारून घेत. एवढा मोठा न्यायाधीश, पण विद्या घेताना समोरचा कोण हे पाहत नसे. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यांत पक्षी आणि कोळीही होते, हे भागवताच्या एकादश स्कंधात आपण वाचतोच. रमाबाईही तेथे बंगाली शिकल्या.

१९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसावे, हीच रीत. काही दिवस त्या शोकात बुडून होत्या. मग उठल्या, तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे केले. लहानपणी शिकायचे राहून गेलेल्या मोठ्या बायका तेथे अक्षरे गिरवू लागल्या, विधवा परिचारिकेचे काम शिकू लागल्या. परक्या रोग्याला हात लावायचा म्हणजे विटाळ, अशी लोकांची ओरड होती.

एका बक्षीससमारंभात लाल आलवण नेसलेली, केशवपन केलेली एक विधवा व्यासपीठावर आली. वर बसलेली विद्यार्थी मंडळी हुर्यो करू लागली. समारोपाला रमाबाई उठल्या आणि त्यांनी सर्वांसमक्ष त्या पोरांची कानउघाडणी केली. अशी दुर्दैवी बहीण, आत्या, मावशी तुमच्या घरात नाही काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभा चिडीचूप झाली म्हणतात. आयुष्यभर टोमणे निमूट गिळणारी ही बाई दुसरीच्या अपमानाला मात्र गप्प बसली नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. उतारवयात रमाबाई सेवासदनाच्या सेविकांना घेऊन आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना आळंदीस जात आणि वारकरी बायकांची सेवा करीत. इंद्रायणीच्या काठी यात्रेत बायकांचे हाल कसे होतात हे आपणांस सांगायला नको. पोरे चुकतात, कुणाला ताप भरतो, कुणी थकून रस्त्यातच बसते. मला तर वाटते, ज्यांच्या सोवळ्यापायी तिने इतके सोसले, तशाच देवभोळ्या बायका तिथे तिला भेटल्या असतील. तिने मनात अढी धरली नाही.

१९२४ साली रमाबाई गेल्या. अखेरपर्यंत त्या सेवासदनाच्या अध्यक्ष होत्या. १९१० साली त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहून ठेवले. अकराव्या वर्षी ज्या मुलीला अक्षर येत नव्हते तिचे ते पुस्तक आज मराठीत मोठ्या आदराने वाचले जाते. १९६२ साली, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

माऊलींनी ज्ञान मराठीत आणले ते बायाबापड्यांसाठीच. तेव्हा माउल्यांनो, ज्ञानेश्वरीची एक ओवी घ्या, नातवाला जवळ बसवा आणि त्यातले एक अक्षर विचारा. घरातील सून वाचत बसली असेल तर तिचे काम थोडे आपल्या हाती घ्या. हीसुद्धा वारीच आहे.