विल्हेल्म मायबाख आणि जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर



समजा, रिठदमध्ये तुमच्या घरी चार सिलिंडरची जुनी पेट्रोल पिकअप गाडी आहे. सोयाबीनची पोती भरून रिसोडच्या बाजाराला निघाली की चढावर अडखळते, पेट्रोलही जास्त पिते. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर बदलायला सांगितलंय. मूळ कंपनीचा आता मिळत नाही आणि दुकानात दुसऱ्या बनावटीचे दोन-तीन आहेत. कोणता घ्यायचा? मोठा घेतला तर ताकद वाढेल का? उत्तर देण्याआधी एका माणसाची ओळख करून घेऊ. ती झाली की उत्तर तुम्हीच द्याल.

जन्म व बालपण

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील सुतार होते. विल्हेल्म अवघा दहा वर्षांचा असताना तो पोरका झाला. रॉयटलिंगेन येथे गुस्ताव्ह वेर्नर हे धर्मोपदेशक एक संस्था चालवत. तिथे त्याला आसरा मिळाला. ही संस्था मुलांना नुसतं जेवू घालत नव्हती बरं का, तिचे स्वतःचे कारखाने होते आणि मुले तिथे काम शिकत. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चांगला आहे हे लक्षात आल्यावर त्याला यंत्रांचे आराखडे काढायला बसवले. दिवसा काम आणि त्यानंतर गावातल्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र, असा त्याचा क्रम असे.

याच संस्थेच्या यंत्रशाळेत प्रमुख म्हणून गॉटलीब डाइमलर आले. ते विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. त्यांनी या मुलाची हुशारी ओळखली. पुढे डाइमलर जिथे गेले तिथे मायबाख गेले, आणि ही जोडी डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०० पर्यंत टिकली.

इंजिन झाले, पण पेट्रोलचे काय?

१८७२ मध्ये दोघे डॉइट्झ येथील कारखान्यात गेले. तिथेच १८७६ मध्ये निकोलस ऑटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन तयार झाले. मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे ते चार टप्पे. आजही तुमच्या गाडीत हेच चालतं. पण ते इंजिन कोळशापासून केलेल्या वायूवर चालायचे. वायू नळातून यायचा, म्हणून इंजिन जागचे हलू शकत नव्हते.

१८८२ मध्ये दोघांनी कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतल्या छोट्या घरात स्वतःचे काम सुरू केले. १८८५ मध्ये त्यांचे पेट्रोल इंजिन लाकडी दुचाकीवर बसले आणि १८८६ मध्ये चारचाकीवर.

आता खरी अडचण बघा. द्रव पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. ते हवेत मिसळावे लागते, तेही प्रमाणात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १५ किलो हवा लागते. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये साठवलेल्या पेट्रोलला लागून हवा नेत आणि जेवढी वाफ मिळेल तेवढी घेत. गाडी हलली, थंडी पडली किंवा पातळी उतरली की प्रमाण बिघडायचे.

१८९३ : फवाऱ्याची युक्ती

१८९१ मध्ये कंपनीशी करारावरून मतभेद झाले आणि मायबाख बाहेर पडले. डाइमलर यांनी मागून पैसा पुरवला. कानश्टाटच्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात मोजक्या माणसांसह काम चालू राहिले. तिथूनच १८९३ मध्ये त्यांचा फवारा कार्बोरेटर पुढे आला. त्याच वर्षी हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही स्वतंत्रपणे तशीच रचना मांडली होती.

शेतात फवारणीचा पंप तुम्ही पाहिलाच आहे. बारीक नोझलमधून औषध धुक्यासारखं उडतं. इथेही तसंच, फक्त पंप मारायला माणूस नाही. इंजिन स्वतःच हवा ओढते. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. गळ्यात हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. तिथे नोझलचे तोंड असते. शेजारच्या छोट्या टाकीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतो. दाब कमी झाला की पेट्रोल उडून हवेत मिसळते. इंजिन जेवढी हवा ओढेल त्या मानाने पेट्रोल येते.

१८९५ मध्ये मायबाख कंपनीत सन्मानाने परतले. १८९६ मध्ये डाइमलर कंपनीने पहिला मोटर ट्रक बनवला. त्याला दोन सिलिंडर होते आणि तो १५०० किलो माल नेई. १९०१ ची ३५ अश्वशक्तीची चार सिलिंडरची मर्सिडीज ही मायबाख यांचीच रचना. १९०७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. १९०९ पासून मुलगा कार्ल झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनवू लागला, त्यात त्यांनी साथ दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

आता तुमचं उत्तर

मायबाख यांनी इंजिनात जास्तीत जास्त पेट्रोल ओतले नाही. इंजिन मागेल तेवढेच दिले. हेच धरून हिशोब करू.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. त्या घराण्यातले चार सिलिंडरचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे होते. चार टप्प्यांत एकदाच हवा आत येते, म्हणजे दोन फेऱ्यांना एकदा. मिनिटाला ४००० फेरे झाले तर २.२ × २००० = ४४०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, साधारण ८० टक्के धरा. म्हणजे मिनिटाला सुमारे ३५०० लिटर हवा. एवढी हवा जाऊ देणारा गळा पुरेसा आहे. त्याहून बराच मोठा घेतला, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब जाड राहतात आणि गाडी चढावर अडखळते. मालाची गाडी तर बहुतेक वेळ कमी फेऱ्यांवरच चालते! म्हणून मोठ्या इंजिनाचा कार्बोरेटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

विकत घेताना एवढं बघा :

१. गळ्याचा व्यास आणि जेटचा क्रमांक जुन्याशी जुळतो का.
२. खालच्या पट्टीची भोके आणि बोल्टांमधले अंतर तेच आहे का. मध्ये जाड पट्टी टाकावी लागली, तर फटीतून हवा शिरता कामा नये.
३. ॲक्सिलरेटरची दांडी, चोकची तार आणि एअर फिल्टर बसतात का.
४. वेगळे जेट सुटे मिळतात का. नवीन कार्बोरेटर आपल्या इंजिनाला लावून घ्यावा लागतो.

आणि पैसे मोजण्याआधी एक काम करा. इंजिन थंड असताना चारही प्लग काढून बघा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरेफटक असतील तर कमी. फिकट तपकिरी असतील तर मिश्रण ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. एकच प्लग वेगळा दिसला, तर दोष बहुधा त्याच सिलिंडरचा. कित्येकदा जेटमधला कचरा काढला, एअर फिल्टर बदलला की जुनाच कार्बोरेटर नीट चालतो आणि घरचे पैसे वाचतात.

दहा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाच्या हाती कुणीतरी पेन्सिल आणि पट्टी दिली, म्हणून हे घडलं. तुम्हीही वहीत कार्बोरेटरची आकृती काढा. गळा, नोझल, फ्लोट आणि हवेची दिशा दाखवा. मग गॅरेजमध्ये जाऊन उघडलेल्या कार्बोरेटरशी ती ताडून बघा.