रंगस्वामी नरसिंहन

रंगस्वामी नरसिंहन (१७ एप्रिल १९२६ – ३ सप्टेंबर २००७) हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ आणि भाषा व आकलन यांचे अभ्यासक होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांनी केले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

शिक्षण

नरसिंहन यांचा जन्म चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे झाला. गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट मिळवून ते १९५४ मध्ये होमी भाभा संचालक असलेल्या टाटा संस्थेत रुजू झाले.

टिफ्रॅक

त्या वेळी भारतात अंकीय संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये आला तो ब्रिटिश बनावटीचा होता. त्यामुळे टिफ्रॅकला भारतातील पहिला संगणक म्हणणे बरोबर नाही. देशात बांधलेला पहिला सर्वोपयोगी अंकीय संगणक हे वर्णन अधिक नेमके ठरते.

गटातील तरुण अभियंत्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलेला नव्हता. म्हणून आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधून रचना तपासण्यात आली. ते १९५६ मध्ये चालू झाले. पूर्ण यंत्र १९६० च्या आरंभी कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. ती फेराइटच्या बारीक कड्यांची असून कडी कोणत्या दिशेने चुंबकित आहे यावरून ० किंवा १ ओळखला जाई. एका बिटाला एक कडी या हिशेबाने ८१,९२० कड्या होतात. आलेख व अक्षरे दाखवणारा ऋण किरण नलिकेचा पडदाही यंत्राला जोडलेला होता. त्या काळात ही सोय विरळाच होती.

फेराइट स्मृतीची निवड काळाला धरून होती, नलिकांची मात्र राहिली नाही. नलिका तापत, वीज खात आणि वरचेवर बदलाव्या लागत. यंत्र उभे राहीपर्यंत अमेरिकेत ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारात आले होते. जवाहरलाल नेहरूंनी १९६२ मध्ये टिफ्रॅक हे नाव दिले, तेव्हाच ते मागच्या पिढीचे झाले होते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा आयात संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. त्याची दुसरी प्रत बांधली गेली नाही, की त्यावरून उद्योगही उभा राहिला नाही. मात्र संगणक आतून जाणणारी माणसे त्यातून तयार झाली आणि संस्थेतील पुढच्या संशोधनाला ती उपयोगी पडली.

पुढील कार्य

१९६० च्या दशकाच्या आरंभी नरसिंहन इलिनॉय विद्यापीठात होते. बुद्बुद कक्षातील कणमार्गांची छायाचित्रे यंत्राने वाचावीत, यासाठी चित्राला वाक्यासारखे व्याकरण असते अशी मांडणी त्यांनी केली. आकृतिबंध ओळखण्याच्या शास्त्रात ती पायाभूत मानली जाते.

कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन (सीएमसी) या सरकारी कंपनीच्या १९७५ मधील स्थापनेतही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. आयबीएम कंपनी अन्यत्र वापरलेली जुनी यंत्रे दुरुस्त करून भारतात भाड्याने देत असे. १९७८ मध्ये तिने देश सोडला, तेव्हा ठिकठिकाणची ही यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसीवर आली. मूळ उत्पादकाविना जुने संगणक राखता येतात, हे तिच्या तंत्रज्ञांनी दाखवून दिले.

संस्थेच्या आवारात त्यांच्या पुढाकाराने वाढलेल्या सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) निर्माण झाले. ते मुंबईच्या पश्चिम उपनगरातील जुहू येथे होते. भारतातील आरंभीच्या संगणकजालाच्या जोडणीत या केंद्राचा मोठा वाटा आहे. पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झाले.

उत्तरायुष्यात मूल भाषा कशी शिकते हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता; भाषिक वर्तनावर त्यांनी ग्रंथ लिहिले. निवृत्तीनंतर ते बंगळूरला राहत. तेथेच त्यांचे निधन झाले.